रजेचा अर्ज आणि फडातला खाडा



हंगाम सुरू झाला की आमच्याकडे तक्रारींची पत्रे येऊ लागतात. नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड आली नाही, काट्यावर गाडी दोन दिवस उभी राहिली, पाचटाची कपात जास्त धरली, या तक्रारी दरसालच्याच. पण त्यांत एक तक्रार अशी असते की ती वाचून आम्ही जरा थांबतो. 'कारखान्यातले लोक ऐन हंगामात रजेवर जातात आणि टोळ्या खाडे करतात, यांना कुणी विचारणारं हाय का नाही?' पत्र लिहिणारा चिडून लिहितो आणि त्याची चीड खोटी नसते. पंधरा-अठरा महिने लेकरासारखा सांभाळलेला ऊस, तुरे आलेले, विहिरीनं तळ गाठलेला, आणि टोळी गावाकडं गेली म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. तरीपण या अंकात आम्ही या तक्रारीची दुसरी बाजू मांडणार आहोत. काही सभासदांना ती रुचणार नाही हे धरूनच आम्ही लिहायला बसलो आहोत.

आधी शब्दांकडे पाहू. गेटाच्या आत काम करणारा माणूस घरी राहिला तर त्याला आपण 'रजा' म्हणतो. फडात कोयता चालवणारा माणूस कोपीत पडून राहिला तर त्याला 'खाडा' म्हणतो. दिवस तोच, अंगातला ताप तोच, घरचं लग्नकार्य तेच. पण रजा मागता येते, आणि खाडा भरून द्यावा लागतो. एकाच कारखान्याच्या उसावर जगणाऱ्या दोन माणसांना दोन कायदे लागावेत, आणि त्यातल्या एकाला तर कसलाच लागू नये, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाही.

आता रजा देणारा कोण, ते पाहू. कामगार अर्ज लिहितो तो 'मा. कार्यकारी संचालकसाहेब यांस' म्हणून. बोलताना 'मालकाला विचारतो' म्हणतो. खाजगी गिरणीत मालक दिसतो तरी. आपल्याकडे मालक कोण? १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनं पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. शेअर घेतलेला ऊस उत्पादक हाच मालक. लाभांश आणि उसाचा दर मागताना आपण हे छाती पुढं काढून सांगतो. मग रजेचा अर्ज टेबलाखाली दाबून ठेवला गेला, तर दाबणाऱ्या हाताला आपलाही हात लागलेला असतो. तिथं 'ते प्रशासनाचं काम हाय' म्हणून बाजूला होता येत नाही.

यावर आमचे अनेक सभासद जे म्हणतात ते आम्हांला ठाऊक आहे. 'आम्हाला कोण रजा देतं? म्हशीला रविवार असतो का? रात्रीची लाईट आली की दोन वाजता बारं धरायला जावं लागतं, तवा कुठं गेला तुमचा कायदा?' बोलणं खरं आहे. शेतकऱ्याच्या कामाला सुट्टी नाही. पण एक फरक आहे, तो नीट पाहावा. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला जायचं ठरलं की आपण भावकीतल्या कुणाला तरी धारा काढायला सांगतो आणि निघतो. कुणाची सही घेत नाही. नुकसान झालं तर ते आपलं, आणि ठरवणारेही आपणच. कामगारानं आपला दिवस दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो, म्हणूनच तो परत मागायची त्याला रीत लागते. ती रीत म्हणजेच रजेचा हक्क. त्यात दयेचा, मेहेरबानीचा भाग नाही.

ही रीत काही साहेबांनी आपणहून दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची सुट्टीच नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, आणि सहा वर्षं हा प्रश्न लावून धरला. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, कष्टकऱ्याला त्या दिवशी देवाला जाऊ द्या, असंही लोखंड्यांनी मांडलं होतं म्हणून सांगतात. आपल्या जिल्ह्याला हे वेगळं समजावून द्यायला नको. आपला खंडोबा अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत मुक्काम बदलतो, तेही दोन्हीकडच्या मानकऱ्यांत ठरलेल्या कराराप्रमाणं, ठरलेल्या तिथीला. देवालासुद्धा कुठं किती दिवस राहायचं याचा लेखी करार आहे. नळदुर्गची मोठी यात्रा पौष पौर्णिमेला, म्हणजे बरोबर गाळपाच्या ऐन भरात येते. त्या आठवड्यात टाईम ऑफिसकडे अर्जांचा ढीग लागतो आणि फोरमनच्या कपाळाला आठ्या पडतात. आम्हांला विचाराल तर यात नवल ते काय? यात्रेची तिथी काही आदल्या रात्री ठरत नाही. पंचांगात असते. मग पाळ्यांचा तक्ता करताना ती का दिसू नये?

आता कायदा काय सांगतो ते थोडक्यात, कारण गेटवर जे ऐकायला मिळतं त्यात निम्मं चुकीचं असतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे, ज्याने कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केले त्याला पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळे. रजा सुरू होण्याआधी १५ दिवस अर्ज द्यायचा, वर्षातून तीन वेळा मिळून रजा घेता येई, आणि आजारपणासाठी रजा हवी असेल तर १५ दिवसांची अट आड येत नसे. ताप काही पंधरा दिवस आधी कळवून येत नाही, एवढं त्या कायदा लिहिणाऱ्यांनाही कळत होतं. रजेच्या मध्ये किंवा कडेला साप्ताहिक सुट्टी आली तर ती रजेत धरायची नाही, असंही होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने जुन्या कारखाने अधिनियमाची जागा घेतली. रजेपुरता मोठा बदल असा की २४० दिवसांची अट १८० वर आली. दर २० दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण तेच राहिले. म्हणजे वर्षात २६० दिवस भरले तर १३ दिवस रजा. न घेतलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढे नेता येते आणि वर्षअखेर मागणी केल्यास तिचे पैसेही घेता येतात. जुन्यात होती आणि नव्यातही राहिली अशी एक तरतूद मात्र प्रत्येक खातेप्रमुखानं भिंतीवर लावून ठेवावी. कामगाराने रीतसर अर्ज केला आणि तरीही रजा दिली नाही, तर ती रजा बुडत नाही. ती पुढे जाते, आणि अशा नाकारलेल्या रजेला ३० दिवसांची मर्यादा लागत नाही.

या तरतुदीचा अर्थ काय होतो? नाकारायचं असेल तर नाकारा, पण नाकारल्याची नोंद राहिली पाहिजे. इथंच खरी मेख आहे. अनेक ठिकाणी रजा नाकारलीच जात नाही, आणि दिलीही जात नाही. अर्ज घेतला जातो, पोच दिली जात नाही. विचारलं की 'बघू'. दुसऱ्यांदा विचारलं की 'साहेब दौऱ्यावर हायत'. तिसऱ्यांदा, 'आता बॉयलर पेटलाय, आता कुठं रजा मागायलास?' माणूस बहिणीच्या लग्नाला जातोच, जायलाच पाहिजे. परत येतो तेव्हा हजेरीपटावर गैरहजेरी लागलेली असते आणि हातात नोटीस पडते. अर्ज होता कुठं? कुणालाच माहीत नसतं. म्हणून आमचं पहिलं मागणं साधं आहे. रजेच्या अर्जाची पोच द्यावी, आठ दिवसांत हो किंवा नाही ते कागदावर लिहून द्यावं, नाही असेल तर कारण लिहावं आणि कधी देता येईल तेही लिहावं. याला पैसा लागत नाही. एक रजिस्टर लागतं आणि लिहायची दानत लागते.

प्रशासनाचीही अडचण आहे, ती आम्ही नाकारत नाही. साखर कारखाना ही काही कापडाची गिरणी नाही की मागाचा एक माणूस नसला तर एक माग उभा राहील. बॉयलरवरचा माणूस, पॅन हाऊसमधला माणूस पाळीला आला नाही तर मागचं-पुढचं सगळं तुंबतं, रस आंबतो, आणि नुकसान शेवटी सभासदाच्या दरात दिसतं. म्हणूनच अशा जागांवर बदली माणूस हंगामाआधीच तयार पाहिजे. दिवाळीला यंदा ज्यांना थांबावं लागलं त्यांना पुढच्या दिवाळीला आधी सोडावं, आणि ही यादी नोटीस बोर्डावर लावावी. यादी उघडी असली की कुरकुर निम्मी कमी होते. साहेबांच्या मर्जीतल्याला रजा आणि बाकीच्यांना 'बघू' असं असलं, की कामगार रजा मागायचं सोडून दवाखान्याचा दाखला आणायला शिकतो. मग आपणच म्हणतो, कामगार खोटे झाले.

हंगामी कामगारांची गोष्ट आणखी वेगळी. आपल्या भागात हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांचा, त्यातही निम्मा नोव्हेंबर-डिसेंबरात आणि निम्मा पुढच्या वर्षात मोडणारा. एका कॅलेंडर वर्षात त्याचे २४० दिवस भरणं शक्यच नव्हतं, आणि १८० भरणंही अवघडच. म्हणजे कायदा सुधारला तरी त्याच्या ताटात त्यातलं फारसं पडत नाही. त्याला आधार फक्त वेतन कराराचा, त्यात हंगामी कामगारासाठी जी रजा लिहिली असेल तिचा. 'याला तर सहा महिने सुट्टीच असते की' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की बिनपगारी किंवा तुटपुंज्या रिटेन्शन भत्त्यावर घरी बसणं याला सुट्टी म्हणत नाहीत. मागून मिळते, आणि मिळाली तरी चूल पेटत राहते, तिला सुट्टी म्हणतात.

इथवर बहुतेक सभासद आमच्याशी सहमत होतील असं वाटतं. गेटाच्या आतल्या लोकांची संघटना आहे, करार आहेत, कोर्टं आहेत. आता गेटाबाहेर, आपल्याच बांधावर या.

आपल्या भूम, वाशी, कळंबच्या डोंगराकडच्या गावांतून दसरा झाला की माणसं बिऱ्हाड बांधून निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. शेजारच्या बीडातून तर तांडेच्या तांडे निघतात आणि त्यातल्या काही टोळ्या आपल्या फडात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला ३६६ रुपयांवर आला. एका कोयत्यानं दिवसाला दोन टन तोडला, मोळ्या बांधल्या, गाडी भरून दिली, की सातशे-साडेसातशे रुपये, तेही दोघांचे मिळून.

यात एक दिवस काम झालं नाही तर? त्या दिवसाची मजुरी तर गेलीच. त्यावर खाडा. कुठं पाचशे, कुठं हजार, असा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. जोडप्यातली बाई आजारी पडली तर एकट्या पुरुषाला मोळी बांधता येत नाही, म्हणजे कोयताच बंद. दंड कोयत्याला. ज्या दिवशी तिला उभं राहवत नाही त्या दिवशी घरात यायचे सातशे येत नाहीत आणि वर पाचशे जातात. हे पैसे कुणाकडं जातात? कारखान्याकडं नाही. ज्याचा ऊस उभा राहिला त्या सभासदाकडं तर नाहीच नाही. ते मुकादमाच्या वहीत जमा होतात. तेव्हा खाड्याच्या बाजूनं बोलणाऱ्या सभासदानं आधी हे पाहावं की तो कुणाच्या वतीनं बोलतोय.

या खाड्याचं काय होतं ते २०१९ साली उभ्या महाराष्ट्राला कळलं. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, विधिमंडळात चर्चा झाली, महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी गावोगाव जाऊन बायांचं म्हणणं ऐकलं. कारणं एक नव्हेत. फडावर संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, पाणी धड नाही, त्यातून अंगावरचे आजार. गल्ल्यातल्या डॉक्टरनं 'कॅन्सर होईल' म्हणून घातलेली भीती. पण त्या बायांच्या बोलण्यात खाड्याचा धाक पुन्हापुन्हा येतो. महिन्याचे चार दिवस दुखलं म्हणून थांबता येत नाही. थांबलं तर दंड. मग दुखणारी पिशवीच काढून टाकली की हंगाम निर्विघ्न. दोन दिवसांची सुट्टी मागता येत नव्हती म्हणून माणसानं शरीराचा अवयव काढून द्यावा, अशी ही हकिकत आहे. ती आपल्या उसाच्या कांड्या तोडणाऱ्या बाईची आहे. बीड आपल्यापासून किती लांब आहे? मांजरा ओलांडली की बीड.

बाळंतपणाचंही तेच. १९६१ च्या कायद्यानं नोकरदार स्त्रीला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळाली, २०१७ मध्ये ती २६ आठवडे झाली. फडातल्या कोपीपर्यंत त्यातला एक आठवडासुद्धा पोचलेला नाही. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड मजुरांच्या हालाची वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली. न्यायाधीशाला वर्तमानपत्रातून कळलं. आपल्याला तर बांधावरूनच दिसत होतं.

मजुराचा मालक कोण, असं विचारलं की तीन बोटं तीन दिशांना जातात. कारखाना म्हणतो, आमचा करार ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणतो, मी तर कारखान्याची पोचपावती. शेतकरी म्हणतो, मला तर त्यांचं नावही ठाऊक नसतं, उलट मीच खुशाली देतो. मतदानाचंच घ्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-ब कलमाप्रमाणे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे, रोजंदारीवरच्या माणसालाही आहे. २०२४ मध्ये हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं आणि विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला. गाव शंभर-दोनशे किलोमीटरवर, जायचं भाडं पदरचं, मुकादम म्हणतो गेलात तर खाडा. सुट्टी कुणी द्यायची आणि त्या दिवसाचे पैसे कुणी, याला उत्तर देणारा माणूसच नाही. कलम पुस्तकात आहे, फडात नाही.

अशी अनेक मालकांची गुंतागुंत पूर्वी सुटलेली आहे. बाजारातला हमाल आज या आडतीवर, उद्या त्या आडतीवर. त्याला रजा कुणी द्यावी? १९६९ च्या माथाडी कायद्यानं मंडळं काढली. प्रत्येक मालकाकडून हमालीवर लेव्ही गोळा करायची आणि त्यातून हमालाची रजा, बोनस, भविष्यनिर्वाह चालवायचा. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ स्थापन झालं, कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं २०२१ मध्ये ठरलं. त्यातून मुलांच्या वसतिगृहांचं काम हाती घेतलं गेलं, ते चांगलंच आहे. पण सुट्टीचा विषय त्यात अजून आलेला नाही.

सभासदांच्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकतर्फीपणाचा ठपका येईल. टोळीवाले जादा पैसे मागतात, नाही दिले तर लोळलेला ऊस तसाच सोडून जातात. उचल घेऊन मुकादमच पसार झाल्याचं, आणि त्यापायी वाहतूकदाराचा ट्रॅक्टर बँकेनं ओढून नेल्याचं आपण पाहिलेलं आहे. हे सगळं खरं आहे आणि त्याचा बंदोबस्त व्हायलाच पाहिजे. पण टोळी पळून का जाते, हेही कधी विचारावं. ज्याला आठ दिवस आधी सांगून दोन दिवस गावाकडं जाता येत नाही, तो रात्रीत न सांगता जातो. सांगून गेलेल्या माणसाचा ऊस उभा असतो, तो दोन दिवसांनी तोडता येतो. न सांगता गेलेल्याचा ऊस तोडून फडात पडलेला असतो आणि उन्हानं त्याचं वजन आणि उतारा दोन्ही उतरत जातात. तुमचं नुकसान कशानं जास्त होतं, ते तुम्हीच ठरवा.

आता आमची सूचना. कारखान्यात ठरावीक दिवसांनी गाळप बंद ठेवून सफाई करावी लागते हे आपणांस माहीत आहेच. बाष्पीभवनाच्या बॉड्यांत थर धरतो, तो काढल्याशिवाय वाफ नीट चढत नाही. त्यासाठी तारीख ठरते, यार्डातला ऊस संपवत आणतात, गव्हाण थांबते. लोखंडाच्या भांड्याला विश्रांती दिली नाही तर ते काम करत नाही, हे चीफ केमिस्टपासून सगळ्यांना पटलेलं आहे. मग सफाईची तारीख तोच टोळ्यांच्या सुट्टीचा दिवस धरावा. तारीख आठ-दहा दिवस आधी शेतकी खात्यानं गटागटांत कळवावी, तोडणी प्रोग्राम तसाच आखावा. ज्या दिवशी कारखान्यालाच ऊस नको असतो त्या दिवशी कोयता थांबला तर कुणाचं काय जातं? पंधरवड्यातून एक दिवस अशी सुट्टी पडली तर माणसं कपडे धुतील, लेकरांना दवाखान्यात नेतील, नाहीतर नुसती झोपतील. त्यांचं ते बघतील.

त्या दिवसाचे पैसे द्यायचे का? आमचं मत, द्यावेत. हिशेब मांडून पाहिला. १२० दिवसांचा हंगाम धरला तर पंधरवड्याला एक याप्रमाणे ८ सुट्ट्या. दिवसाला दोन टन आणि ३६६ रुपये दर धरला तर एका कोयत्याला ८ दिवसांचे ५,८५६ रुपये. उरलेल्या ११२ दिवसांत तो कोयता २२४ टन तोडणार. भागिले तर टनामागे २६ रुपये आणि काही पैसे पडतात. तोडणी-वाहतूक आपल्याच उसाच्या बिलातून कापली जाते, तेव्हा हे २६ रुपये सभासदाच्या खिशातले, हे आम्ही लपवत नाही. २०२५-२६ हंगामाचा एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये आहे. आपल्याकडचा उतारा आणि कपाती धरून हातात येतात त्याहून कमी. एकरी ४० टन निघाला तर एकरामागे हजारभर रुपये होतात. गरीब सभासदाला हजार रुपये थोडे नाहीत. खुशालीच्या नावानं याहून जास्त जातात, हेही त्याला ठाऊक आहे. सुट्टी आणि मजुरी सरळ मार्गानं दिली तर वाकड्या मार्गानं मागणाऱ्याला 'नाही' म्हणायला तोंड उरतं.

पैशाचा भाग एका सभेत मंजूर होणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. म्हणून जिथं एक पैसाही लागत नाही ते आधी व्हावं. आजारपण, बाळंतपण, महिन्याच्या पाळीचे दोन दिवस आणि मतदान, यांपैकी कशालाही खाडा लागणार नाही, अशी अट कारखान्यानं तोडणी-वाहतुकीच्या करारनाम्यातच घालावी. करारनामा कारखान्याच्या छापील फॉर्मवर होतो, सही करून घेणारा कारखाना असतो, तेव्हा 'आमचा संबंध नाही' हे म्हणणं टिकत नाही. मुकादमानं तरी खाडा कापला तर त्याच्या कमिशनातून तेवढी रक्कम वळती करून मजुराला द्यावी. चिटबॉय रोज फडात जातो, कोण आलं कोण नाही ते त्याला दिसतं. त्याच्याच वहीत एक रकाना वाढवावा.

काहीजण म्हणतील, हे असले लाड करूनच सहकारी कारखाने बुडाले. ढोकीच्या तेरणेची धुराडी वर्षानुवर्षं थंड राहिलेली आपण सर्वांनी पाहिली, आणि त्या गेटवर थकलेल्या पगारासाठी बसलेली माणसंही पाहिली. कारखाने कशानं अडचणीत येतात यावर या पानांत पूर्वी पुष्कळ चर्चा झाली आहे. दुष्काळ, कर्ज, व्याज, कमी ऊस, चुकीचे निर्णय ही कारणं ऐकली. कामगाराला रीतसर रजा दिली म्हणून बंद पडलेला कारखाना आमच्या ऐकिवात नाही. हार्वेस्टर आले की टोळ्यांची गरजच संपेल, असंही काहीजण म्हणायलेत. आपल्या जिल्ह्यातली लहान लहान वावरं, अरुंद सऱ्या आणि बांधाबांधाचे वाद पाहता ते सगळीकडं इतक्या लवकर होईल असं आम्हांला वाटत नाही. आणि झालंच, तरी तोवरच्या हंगामांचं काय?

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीसोबत सभासदांच्या सूचना मागवल्या जातात. त्यात दोन ठराव यावेत अशी आमची इच्छा आहे. एक, कायम आणि हंगामी कामगारांच्या रजा-अर्जांची पोच, आठ दिवसांत लेखी उत्तर आणि सणावारांच्या रजेची उघडी यादी. दुसरा, तोडणी करारनाम्यात खाडाबंदीची अट आणि सफाईच्या दिवशी टोळ्यांना सुट्टी. त्या सुट्टीचे पैसे द्यायचे की नाही यावर सभेत मतदान व्हावं. सूचक आणि अनुमोदक म्हणून ज्या सभासदांना नाव द्यायचं असेल त्यांनी आपला सभासद क्रमांक घालून पत्र आपापल्या गट कार्यालयात द्यावं. ज्यांचा विरोध असेल त्यांनीही कारणांसह लिहावं, तीही पत्रं आम्ही पुढच्या अंकात छापू. आणि आणखी एक. सूचना लिहिण्याआधी आपल्या फडावर उतरलेल्या टोळीतल्या एखाद्या बाईला घरच्या मालकिणीनं जाऊन विचारावं की गेल्या महिन्यात किती खाडे लागले आणि कशापायी. आकडा पत्रात लिहावा, नाव लिहू नये.